चार रेषांची बाटली

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी ओट्यावर वजनकाटा, नरसाळं आणि पांढऱ्या पुडीचे दोन डबे मांडून बसते, तेव्हा घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. बोललं की आकडा चुकतो आणि आकडा चुकला की मी चिडते, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. त्या संध्याकाळी मात्र लेकीला राहवलं नाही. पातेल्यातला ढीग बघून म्हणाली, "आई, हे सगळं तू उद्या खाणार?"

"खाणार नाही गं, पिणार."

"किती आहे?"

"हे आणि फ्रिजमधलं मिळून जवळजवळ पाचशे. बाकीचे दोनशे धावताना."

"ग्रॅम? सातशे ग्रॅम साखर?" ती एकदम ओट्याला टेकून उभी राहिली. "आणि मी दुसरं आइस्क्रीम मागितलं की मला लेक्चर देतेस!"

ती सगळी साखर नव्हती. त्यात निम्म्याहून जास्त माल्टोडेक्स्ट्रिन होतं, म्हणजे ग्लुकोजच्या जोडलेल्या साखळ्या, चवीला जेमतेम गोड. पण हा बचाव तिच्यापुढे टिकला नसता, म्हणून मी गप्प बसले. पूड बाटलीत ओतली, कोमट पाणी घातलं, झाकण लावून पाच मिनिटं हलवत बसले. गुठळ्या मोडायला तेवढा वेळ लागतोच. मग मार्कर घेतला आणि बाटलीच्या अंगावर चार आडव्या रेषा मारल्या. सगळ्यात वरची भरलेल्या पातळीवर, बाकी तीन समान अंतरावर खाली. एका रेषेपासून दुसरीपर्यंत एक तास. दर तासाला ७० ग्रॅम. ही बाटली सायकलच्या शेवटच्या चार तासांची. पहिल्या तीन तासांची बाटली आधीच तयार होऊन फ्रिजमध्ये गेली होती.

लांब पल्ल्याची ट्रायथलॉन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं. माझ्यासारखीला पंधरा-सोळा तास लागतात. मुदत १७ तासांची. माझं वजन आणि वेग धरला तर या दिवसात सहा हजारांच्या वर कॅलरी जळतात. आणि अंगात साठा किती? यकृतात साधारण शंभर ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर), स्नायूंमध्ये चारशे-पाचशे ग्रॅम. हिशेब दोन हजार कॅलरींच्या आसपास संपतो. चरबी कितीही सडपातळ माणसाच्या अंगावर दिवसचे दिवस पुरेल एवढी असते, पण ती सावकाश जळते. वेग थोडा वाढवला की शरीर कर्बोदकंच मागतं. ती संपली की पाय चालू असतात पण डोकं बंद पडायला लागतं. आमच्यात त्याला 'बॉंक' म्हणतात. एकदा अनुभवलं आहे. सायकल रस्त्याच्या कडेला आडवी टाकून मी खाली बसले होते, आणि मला रडू कशाचं येतंय ते कळत नव्हतं.

हे ज्ञान काही आजचं नाही. १९२४ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी शर्यत संपवून आलेल्या काही धावपटूंचं रक्त तपासलं. ज्यांची अवस्था वाईट होती त्यांच्या रक्तातली साखर पार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आधी भरपूर कर्बोदकं आणि वाटेत गोड गोळ्या खायला लावल्या, आणि फरक दिसला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच उत्तर सापडलं होतं. मग आम्ही अजूनही का फसतो? तर खायचं कळतं, पण ते कुठे ठेवायचं, कशात ठेवायचं आणि नको वाटत असताना घशाखाली कसं घालायचं, हे सांगायला रक्ततपासणीचा उपयोग नाही.

पोषणाला ट्रायथलॉनमधला चौथा खेळ म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. खेळ म्हटलं की त्यात थोडी तरी मजा हवी. सहाव्या तासाला कोमट, चिकट, गोड द्रवाचा घोट घेण्यात मजा कसली? ती हमाली आहे. पोटाची हमाली.

या हमालीचे नियम आतड्याने ठरवलेले आहेत. ग्लुकोज रक्तात आत घेणारी जी वाहक प्रथिनं आतड्याच्या भिंतीत असतात, ती तासाला साधारण ६० ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. त्यावर जेवढं ओताल तेवढं आत पडून राहणार. फ्रुक्टोजचा रस्ता वेगळा, त्याची वाहक प्रथिनंही वेगळी. म्हणून दोन्ही मिसळून दिलं तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. अव्वल खेळाडू तर आता शंभर-एकशेवीसपर्यंत जातात. मी ७० वर थांबते, कारण ८० ला माझं पोट बोलायला लागतं. हा आकडा कुठल्या तक्त्यातून आलेला नाही. दर रविवारी, महिनोन्‌महिने, चार-चार तासांच्या सायकलिंगमध्ये ४० पासून सुरू करून चढवत चढवत मी तिथे पोचले. आतड्यालाही सराव लागतो, सरावाने ते जास्त घ्यायला शिकतं, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. सुरुवातीची दोन वर्षं मी सरावात पाणी आणि केळ्यावर भागवायची, आणि शर्यतीच्या दिवशी एकदम पोटावर जेलचा, म्हणजे पाकिटातल्या घट्ट साखरपाकाचा, मारा करायची. पोटाने त्याचा वचपा काढायला कधीच कसर ठेवली नाही.

शर्यतीआधीचे तीन दिवस मात्र मला आवडतात. भात, बटाटे, ब्रेड, परत भात. यामागचा प्रयोग वाचला तेव्हा हसू आलं होतं. १९६६ मध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोन स्वीडिश संशोधकांनी स्वतःलाच प्रयोगाला बसवलं. एकाच व्यायामाच्या सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारलं, अगदी थकून जाईपर्यंत. मग तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि दोन्ही मांड्यांमधून सुईने स्नायूचे कण काढून पाहिले. दमलेल्या पायात ग्लायकोजेन न दमलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट साठलं होतं. दोन गंभीर माणसं एका सायकलवर एकेक पाय मारताहेत, हे चित्र भाताचं तिसरं ताट वाढून घेताना दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर येतं.

आता मुद्द्याचं. वाहून कसं न्यायचं?

पोहताना प्रश्नच नाही, जे काही पोटात जातं ते न विचारता जातं आणि खारट असतं. धावताना दर दोनेक किलोमीटरवर एड स्टेशन, म्हणजे आयोजकांचं खाण्यापिण्याचं टेबल, असतं, त्यामुळे कमरेच्या बेल्टला दोन-तीन जेल अडकवली की भागतं. खरा संसार सायकलवर. आणि सायकलवर जागा म्हणाल तर चार नळ्या, एक सीट आणि पुढे हात टेकायचे दोन दांडे, म्हणजे एरो बार. शिवाय जे काही लावाल ते वाऱ्याला अडतं, आणि ज्याला हात लावायला अंग वळवावं लागतं ते घेताना सायकल डुगडुगते.

मी काय काय करून पाहिलंय! जेल टॉप ट्यूबला, म्हणजे सायकलच्या वरच्या आडव्या नळीला, चिकटपट्टीने एका ओळीत चिकटवली, ओढलं की तोंड आपोआप फाटेल अशी. दिसायला फार झोकदार. पण एकदा ओढताना पाकीट मधूनच फाटलं आणि अर्धं जेल मांडीवर, अर्धं गिअरच्या केबलवर. उरलेला दिवस गिअर बदलला की बोट चिकटायचं. मग एनर्जी बारचे तुकडे करून टॉप ट्यूबवरच्या छोट्या डब्यात ठेवले. उन्हाने त्यांचा एकच गोळा झाला आणि तो नखांनी खरवडून खावा लागला. मिठाच्या कॅप्सूल पाठीवरच्या खिशात ठेवल्या, घामाने त्यांची पेस्ट झाली. खिशात हात घातला तर बोटं पांढरी. ती चाटली, दुसरं करणार काय?

आमचे कोच या सगळ्यावर हसत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. एकदा मी त्यांना माझ्या खिशांचा नकाशा कागदावर काढून दाखवला. डाव्या खिशात हे, उजव्यात ते, मधल्यात अमुक. त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाले, "ताई, एरो बारवरून हात न उचलता जिथे पोचत नाही, तिथलं खाणं घरी राहिलं असं समजा."

म्हणून मग सगळं द्रवावर आणलं. दोन्ही हातांच्या मधोमध नळी असलेली बाटली, तिच्यात नुसतं पाणी, दर एड स्टेशनला भरायची. फ्रेमवर पहिली घट्ट मिश्रणाची बाटली, तीन तासांची, २१० ग्रॅम. सीटच्या मागे, बाटली धरणाऱ्या तारांच्या केजमध्ये, दुसरी, चार रेषांची, २८० ग्रॅम. डब्यात अडीअडचणीला तीन जेल. घड्याळ दर पंधरा मिनिटांनी वाजणार, वाजलं की मिश्रणाचा एक घोट आणि मागे पाण्याचे दोन-तीन. हे मागचं पाणी महत्त्वाचं. साधारण ६ ते ८ टक्के गोडीचं पाणी पोटाला सहज झेपतं. माझं मिश्रण तीस टक्क्यांच्या पुढचं. ते तसंच गेलं तर आतडं ते पातळ करायला अंगातलंच पाणी ओढून घेतं आणि पोट डबडबतं. आणि मीठ हवं, कारण ग्लुकोजला आत नेणारं ते वाहक प्रथिन सोडियमचा हात धरल्याशिवाय ग्लुकोजला दारातून आत घेत नाही.

कागदावर हे सगळं इतकं नीट बसलं होतं की मला स्वतःचाच हेवा वाटला.

पहिल्यावहिल्या शर्यतीत असं काही नव्हतं. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाईतल्या ओआहू बेटावर पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. प्रत्येकाने खाणंपिणं पुरवायला आपापली माणसं आणायची, असा मामला होता. जॉन डनबार मॅरेथॉनला निघाला तेव्हा सगळ्यांत पुढे होता. त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. तो दुसरा आला. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला. मला यात नेहमी त्या मदतनीसांची दया येते. गाडीत बसून आपला माणूस झोकांड्या खाताना बघायचा आणि हातात बिअरचा डबा. आता बाहेरच्या कोणाकडून काही घ्यायला नियमानेच बंदी आहे. नवरा रस्त्याच्या कडेला उभा राहून ओरडू शकतो, केळं देऊ शकत नाही.

त्या दिवशी पोहणं १ तास २८ मिनिटांत झालं. सायकलवर बसले, पहिली वीस मिनिटं पाणी, नाडी खाली येऊ दिली, मग घड्याळ वाजलं, पहिला घोट. सगळं वेळापत्रकाप्रमाणे. ऊन कोवळं होतं, वारा पाठीमागून होता, पाय हलके होते. इतकं बरं वाटत होतं की दोनदा घड्याळ वाजलेलं ऐकूनही मी 'पुढच्या वेळी' म्हणून टाळलं. हे दर वेळी होतं. मन ताजं असतं तेव्हा पोटाची आठवण राहत नाही, आणि आठवण येते तेव्हा वेळ गेलेली असते.

तिसाव्या किलोमीटरच्या आसपास एक पूल लागला. पुलाच्या दोन भागांमधल्या सांध्यावर लोखंडी पट्टी होती, तिच्यावरून चाकं गेली आणि दोन धक्के बसले. मागे काहीतरी 'खट' वाजलं. मला वाटलं चेन. खाली पाहिलं, चेन जागेवर होती. पुढे गेले.

पहिली बाटली ठरल्याप्रमाणे तिसऱ्या तासाला संपली. फ्रेमवरची रिकामी बाटली काढून तिच्या जागी मागची लावायची, म्हणून उजवा हात सीटमागे नेला. हाताला केजच्या तारा लागल्या. मला आधी वाटलं मी चुकीच्या बाजूला चाचपतेय. डावा हात नेला. परत तारा. मग मी सायकल चालवत असताना मान वळवून मागे बघायचा मूर्खपणा केला, आणि कडेच्या खडीत जाता जाता वाचले.

बाटली नव्हती. चार तास, २८० ग्रॅम, माझं उरलेलं सगळं दुपारचं जेवण त्या पुलावर राहिलं होतं.

नंतर शांत डोक्याने विचार केला तेव्हा कारण अगदी साधं निघालं. केज मी सरावात दहा वेळा तपासली होती, खराब रस्त्यावर मुद्दाम नेली होती. पण सरावात तिच्यात असायची अर्ध्या पाण्याची बाटली. तेवढं साखरेचं दाट पाणी गच्च भरलेली बाटली जवळजवळ एक किलोची होते. तिचं वजन केजला मी कधी दाखवलंच नव्हतं. एक जाड रबरबँड गुंडाळला असता तरी पुरलं असतं. ग्रॅम-ग्रॅम मोजणारी बाई, पण पुऱ्या बाटलीचं वजन करायचं सुचलं नाही.

तरीही त्या क्षणी शर्यत हातची गेली नव्हती, हे नीट सांगायला हवं. डब्यात तीन जेल होती, ७५ ग्रॅम. पुढच्या एड स्टेशनवर जेल, केळी, एनर्जी ड्रिंक होतंच. थंड डोक्याने तासाला दोन जेल, अर्धं केळं आणि पाणी घेतलं असतं तर फार तर थोडी तूट पडली असती. पण घबराट वेगळीच गोष्ट. 'चार तासांचं गेलं' एवढंच डोक्यात फिरत होतं. वीस मिनिटांत मी तिन्ही जेल संपवली. एड स्टेशन आलं तशी अजून दोन घेतली, माझ्या ओळखीची नव्हती, फार दाट होती, आणि त्यावर पाण्याऐवजी एनर्जी ड्रिंक प्यायले. साखरेवर साखर. जे मी इतरांना दहा वेळा सांगितलंय ते सगळं मी एका दमात उलटं केलं.

पंचाण्णव किलोमीटरवर 'स्पेशल नीड्स'ची पिशवी मिळते. आदल्या दिवशी आपणच भरून दिलेली. इथे दुसरी तशीच बाटली असती तर हा लेख मी लिहिलाच नसता. पिशवीत होतं चीज सँडविच, चिप्सचं पाकीट आणि कोरडे मोजे. भरताना मी विचार केला होता की तोवर गोडाचा कंटाळा येईल, काहीतरी आवडीचं असावं. सँडविचचा एक घास घेतला. तो तोंडात फिरत राहिला, कोरडाठाक, गिळवेना. शेवटी थुंकला. मोजे मात्र घातले. ते उपयोगी पडले.

एकशेदहापासून पोट डबडबायला लागलं. प्रत्येक खड्ड्याला आत काहीतरी हिंदकळायचं. जोरात सायकल चालवताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळतं, पोटाच्या वाट्याला फार कमी येतं. त्यात वरून एवढा ऐवज पडला की तो तिथेच साचून राहतो. उपाय एकच, वेग कमी करायचा आणि वाट बघायची. मी नुसतं पाणी पीत, हळूहळू, जवळजवळ दीड तास काढला. पोटात साखर पडून होती आणि पाय उपाशी होते. सायकल सात तासांऐवजी सात तास चाळीस मिनिटांत संपली.

धावायला निघाले तेव्हा मनगटावरचा घड्याळाचा पट्टा घट्ट वाटत होता. मी तो एक भोक सैल केला आणि पुन्हा पाण्याचा ग्लास उचलला. बाजूने एक गृहस्थ चालत होते, साठीचे असावेत, त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. म्हणाले, "ताई, सुजल्यात बघा. नुसतं पाणी पुरे आता."

मी ओशाळले. हेही मला माहीत होतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम प्रमाणाखाली गेलेलं निघालं, आणि जे धावता धावता वजन वाढवून आले, म्हणजे घामापेक्षा जास्त प्यायले, त्यांना धोका जास्त होता. पाणी कमी पडल्याने माणूस कोसळतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाणी जास्त झाल्यानेही कोसळतो, आणि ते अधिक वाईट. माझा घाम मी तराजूवर मोजलेला आहे. तासभर सायकल चालवायची, आधी आणि नंतर वजन करायचं, प्यायलेलं पाणी मिळवायचं. उन्हात तासाला साधारण ८०० मिलिलिटर निघतो. शेवटच्या दोन तासांत मी त्याहून कितीतरी जास्त प्यायले होते, आणि मीठ शून्य. मिठाच्या कॅप्सूलची नळी डब्यातच होती. ती उघडायची आठवणही झाली नव्हती.

मग पहिले बारा किलोमीटर मी जवळजवळ चालतच काढले. गृहस्थ पुढे निघून गेले, मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. एड स्टेशनवर कोला होता, बुडबुडे गेलेला. गिळायची हिंमत नव्हती, म्हणून एक घोट तोंडात घेतला, खळखळून फिरवला आणि थुंकला. हा वेडेपणा वाटेल, पण याच्या मागे २००४ चा एक प्रयोग आहे. सायकलपटूंना तासाभराच्या परीक्षेत माल्टोडेक्स्ट्रिनचं पाणी नुसतं तोंडात फिरवून थुंकायला लावलं. एक थेंब पोटात गेला नाही, तरी त्यांची वेळ जवळजवळ तीन टक्क्यांनी सुधारली. जिभेला कळलं की काहीतरी येतंय, तेवढ्यावर मेंदूने पायांवरचा चाप थोडा सैल केला. माझ्या मेंदूला मात्र आधी खात्री पटेना. तिसऱ्या स्टेशनला पटली. पाचव्या स्टेशनला मी अर्धा घोट गिळला आणि थांबून वाट पाहिली, जसं लहान मुलाला औषध पाजून आई बघते की उलटी होतेय का. नाही झाली.

त्यानंतर मी दर स्टेशनला तेवढंच करत गेले. कोलाचे दोन घोट, पाण्याचा एक, मिठाची एक कॅप्सूल तासाला. अंधार पडल्यावर एका टेबलावर गरम खारं सूप मिळालं. कागदी ग्लास दोन्ही हातांत धरून मी उभी राहिले आणि वाफ तोंडावर घेतली. बारा तास गोड गोड प्यायलेल्या जिभेला मीठ लागलं तेव्हा माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. स्वयंसेवक मुलगी घाबरली. "मॅम, बसायचंय का?" मी म्हटलं, "नको गं, अजून एक ग्लास दे."

सोळा तासांच्या आत संपवली. १५ तास ४६ मिनिटं. नवऱ्याने मेडल बघायच्या आधी विचारलं, "काय खाशील?" आणि मला एकाही पदार्थाचं नाव सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी परतताना आम्ही त्याच रस्त्याने निघालो. पूल आला तशी मी गाडी थांबवायला लावली. सांध्याच्या पट्टीपलीकडे, कठड्याच्या कडेने, गवतात बाटल्याच बाटल्या पडल्या होत्या. मी मोजल्या, एकंदर अकरा. लाल, पारदर्शक, एकीला घराच्या कुलपासारखा मोठा रबरी पट्टा, तोही तुटलेला. म्हणजे रबरबँडवाल्यांचंही काही खरं नव्हतं. लेक पुढे धावली आणि तिनेच ती ओळखली.

"आई, ही बघ, तुझ्या रेषा!"

आतलं मिश्रण उन्हाने पिवळसर झालं होतं, पण पातळी अजून सगळ्यात वरच्या रेषेला लागलेली होती. एक थेंबही सांडला नव्हता. झाकणाच्या खाचेभोवती मुंग्यांची रांग लागली होती. लेकीने बाटली उचलली, कानाशी हलवून बघितली आणि म्हणाली, "ओतून देऊ का?"

मी म्हटलं, "थांब, आधी मुंग्या उतरू देत."